स्वप्रकाशित पुस्तकाच्या मुखपृष्ठाचे मानधन : चित्रकाराशी व्यवहार कसा ठरवावा

स्वखर्चाने पुस्तक काढणाऱ्या लेखकाला प्रकाशकाची सगळी कामे स्वतःच्या अंगावर घ्यावी लागतात आणि त्यांपैकी चित्रकाराशी मानधनाचे बोलणे हे अनेकांना सर्वांत अवघड वाटते. मुद्रक पानांची संख्या आणि कागद विचारून लगेच आकडा सांगतो, मुद्रितशोधक पानामागे दर सांगतो. मुखपृष्ठाचा दर मात्र चित्रकारागणिक आणि पुस्तकागणिक बदलतो, त्यामुळे आपण जास्त देत आहोत की चित्रकाराला कमी देत आहोत हे नवख्या लेखकाला उमगत नाही. या संकोचातून मग अर्धवट बोलून काम सुरू होते, आणि तंटे बहुधा तिथूनच सुरू होतात.

मुखपृष्ठासाठी दिलेली रक्कम तीन वेगवेगळ्या गोष्टींची असते, हे पहिल्यापासून ध्यानात ठेवावे. एक म्हणजे चित्रकाराचे श्रम आणि कौशल्य, दुसरी म्हणजे ते चित्र वापरण्याचा हक्क, आणि तिसरी म्हणजे छपाईला पाठवता येईल अशी तयार फाइल. एकाच रकमेत या तिन्ही गोष्टी आहेत असे लेखक गृहीत धरतो आणि चित्रकाराने त्यांतल्या एका किंवा दोनच धरलेल्या असतात. पैसे देण्याआधी या तिन्हींबद्दल स्पष्ट बोलणे झाले, की उरलेला व्यवहार फारसा कठीण राहत नाही.

पायरी १ : आपल्याला काय हवे आहे ते आधी ठरवा

मुखपृष्ठे साधारणपणे चार प्रकारांनी तयार होतात. काही चित्रकार आधीच करून ठेवलेली मुखपृष्ठे विकतात. त्यांवर फक्त शीर्षक आणि लेखकाचे नाव बदलून मिळते, आणि हा सर्वांत स्वस्त मार्ग असतो. मात्र असे मुखपृष्ठ एकदा विकल्यावर पुन्हा कोणाला विकले जाणार नाही, हे विचारून घ्यावे लागते. दुसऱ्या प्रकारात छायाचित्रे विकत घेऊन त्यांची जुळवणी केली जाते. तिसऱ्या प्रकारात चित्र जवळजवळ नसतेच; अक्षरलेखन आणि रंग यांच्यावरच मुखपृष्ठ उभे राहते, आणि कवितासंग्रह किंवा वैचारिक लेखन यांना ते फार शोभून दिसते. चौथा प्रकार म्हणजे खास तुमच्या पुस्तकासाठी नव्याने काढलेले चित्र. यात श्रम सर्वांत जास्त असल्याने मानधनही सर्वांत जास्त असते. चित्रात माणसे किती, पार्श्वभूमी किती तपशिलाची, आणि मुदत किती घाईची, यांवर ते आणखी बदलते.

चित्र काढणे, अक्षरलेखन करणे आणि मांडणी करणे ही तीन निरनिराळी कौशल्ये आहेत, हेही नवख्या लेखकाने जाणून घ्यावे. उत्तम चित्र काढणारा कलावंत मलपृष्ठ, कणा (पुस्तकाची बांधणीकडची जाड कड) आणि बारकोडची जागा यांची मांडणी करून देईलच असे नाही, आणि देवनागरी शीर्षकाचे सुलेखन हे तर स्वतंत्र अभ्यासाचे काम आहे. एकच व्यक्ती तिन्ही करणार असेल तर तसे विचारून घ्यावे. नसेल तर दोघांचे मानधन अंदाजपत्रकात धरावे.

यानंतर एक टिपण तयार करावे. त्यात पुस्तकाचा प्रकार, चार-पाच ओळींत आशय, अपेक्षित वाचक, पुस्तकाचा आकार, पानांची अंदाजे संख्या, छापील आणि ई-पुस्तक यांपैकी काय काढायचे आहे, मुखपृष्ठावर येणारा सगळा मजकूर जसाच्या तसा, आणि हवी असलेली तारीख एवढे असावे. त्याच प्रकारच्या पुस्तकांची आवडलेली तीन-चार मुखपृष्ठे जोडून प्रत्येकात नेमके काय आवडले ते एका ओळीत लिहावे. काय नको आहे हेही लिहावे. नायिकेचा चेहरा दाखवायचा नसेल तर ते चित्र रंगवून झाल्यावर सांगणे अन्यायाचे आहे. संपूर्ण हस्तलिखित वाचायला देणार असाल तर वाचण्याच्या वेळाचाही मोबदला चित्रकार मागू शकतो, आणि ती मागणी रास्त आहे.

पायरी २ : दर विचारण्याची योग्य पद्धत

चित्रकाराचे आधीचे काम पाहताना आपल्या पुस्तकाच्या प्रकाराशी जुळणारे निदान दोन-तीन नमुने त्यात आहेत का ते पाहावे. बालसाहित्यासाठी हसरी, ठसठशीत चित्रे काढणाऱ्या कलावंताकडे रहस्यकथेचे अंधारे मुखपृष्ठ मागायचे आणि नंतर निराश व्हायचे, यात दोष निवडीचा असतो. तीन चित्रकारांना तेच टिपण पाठवून दर मागवावा, म्हणजे तुलना करता येते. दर मागवताना त्यात काय काय धरलेले आहे ते विचारावे: किती रेखाटने, दुरुस्तीच्या किती फेऱ्या, कोणत्या फाइली, कोणते हक्क, आणि विकत घ्याव्या लागणाऱ्या छायाचित्रांचा व फॉन्टचा खर्च कोणाकडे. सर्वांत कमी आकडा सांगणाऱ्याने कणा आणि मलपृष्ठ धरलेच नव्हते, असे नंतर कळण्याचे प्रसंग पुष्कळ येतात.

तुमची तरतूद मर्यादित असेल तर ती प्रांजळपणे सांगावी. एवढ्या रकमेत काय होऊ शकेल असे विचारले, की अनेक चित्रकार स्वतःच साधा पर्याय सुचवतात: पूर्ण दृश्याऐवजी एकच प्रतीकात्मक आकृती, चार रंगांऐवजी दोन, किंवा अक्षरप्रधान मांडणी. काम तेच ठेवून रक्कम खाली आणण्यासाठी घासाघीस करण्यापेक्षा काम लहान करून योग्य रक्कम देणे कधीही चांगले, कारण कमी पैशांत स्वीकारलेले मोठे काम चित्रकाराच्या टेबलावर नेहमी सर्वांत शेवटी येते.

दोन गोष्टी मात्र मागू नयेत. पहिली म्हणजे फुकट नमुना. ‘आधी एक चित्र काढून दाखवा, आवडले तर पैसे देतो’ हे म्हणणे म्हणजे अर्ध्याहून अधिक काम विनामूल्य मागणे आहे. पारखायचेच असेल तर एका कच्च्या रेखाटनाचे पैसे द्यावेत आणि पुढे काम झाले तर ते एकूण मानधनातून वळते करावेत. दुसरी म्हणजे प्रसिद्धीचा मोबदला. पुस्तक वाचकांपर्यंत पोहोचेल तेव्हा चित्रकाराचे नाव होईल, हे खरे असले तरी ते मानधनाच्या ऐवजी देण्याची वस्तू नव्हे. चित्रकार मित्र किंवा नातलग असेल तरी हीच रीत पाळावी. आपुलकीपोटी त्याने कमी घेतले तर तो त्याचा मोठेपणा, पण विचारताना पूर्ण मानधन देण्याच्या तयारीनेच विचारावे.

मानधनाऐवजी विक्रीतला वाटा देण्याची कल्पना नवख्या लेखकांना आकर्षक वाटते. माझे मत याच्या विरुद्ध आहे. स्वप्रकाशित पुस्तक किती खपेल हे कोणालाच आधी सांगता येत नाही, विक्रीचे आकडे फक्त लेखकाच्या खात्यात दिसतात, आणि वर्षानुवर्षे हिशेब देत राहण्याची शिस्त फार थोड्यांना जमते. चित्रकाराचे काम मात्र पहिल्या प्रतीआधीच पूर्ण झालेले असते. म्हणून ठरावीक रक्कम द्यावी. विक्री अपेक्षेपेक्षा जास्त झाली तर एखाद्या टप्प्यानंतर वाढीव रक्कम देण्याचे कलम करारात घालता येते, आणि ते दोघांनाही पेलते.

पायरी ३ : हक्कांचे बोलणे

हा भाग सावकाश वाचावा, कारण पुढे मोठी भांडणे होतात ती याच मुद्द्यावर.

स्वामित्वहक्काबाबतचा आंतरराष्ट्रीय बर्न करार १८८६ चा आहे आणि जगातले बहुसंख्य देश त्यात सामील आहेत. त्यानुसार चित्र तयार होताच त्यावर स्वामित्वहक्क निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही. तो हक्क कोणाचा, हे मात्र देशोदेशी सारखे नाही. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यानुसार बाहेरच्या चित्रकाराकडून काढून घेतलेल्या चित्राचा पहिला हक्कधारक चित्रकारच असतो, मग पैसे कोणीही दिलेले असोत. अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्यात मोबदला देऊन करून घेतलेली काही ठरावीक प्रकारची कामेच, आणि तीही दोघांच्या सहीचा लेखी करार असेल तरच, काम सांगणाऱ्याच्या मालकीची ठरतात; एरवी हक्क हस्तांतरित करायचा तर सहीचा कागद लागतो. भारताच्या १९५७ च्या कायद्यात मोबदला देऊन काढून घेतलेले पेंटिंग, पोर्ट्रेट किंवा छायाचित्र यांच्याबाबत, वेगळा करार नसल्यास, काम सांगणारा हा पहिला हक्कधारक मानला जातो. हक्क लेखी हस्तांतरित केला पण मुदत लिहिली नाही, तर तो पाच वर्षांचा धरला जातो, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. लेखक एका देशात आणि चित्रकार दुसऱ्या देशात असेल तर कोणता नियम लागेल यावर वाद होऊ शकतो. या सगळ्यावर उपाय एकच: काय देत आहोत आणि काय घेत आहोत ते स्पष्ट शब्दांत लिहून ठेवावे.

पैसे देऊन दोन प्रकारे हक्क मिळवता येतो. संपूर्ण हस्तांतर केले, तर चित्राचे स्वामित्व लेखकाकडे येते आणि चित्रकाराला ते पुन्हा वापरता येत नाही. साहजिकच यासाठी जास्त मानधन मागितले जाते. दुसरा मार्ग परवान्याचा. त्यात स्वामित्व चित्रकाराकडे राहते आणि लेखकाला ठरलेल्या कारणांसाठी वापराची परवानगी मिळते. एका पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी बहुतेक लेखकांना परवाना पुरेसा असतो, मात्र तो एकमेव असावा, म्हणजे तेच चित्र दुसऱ्या पुस्तकावर झळकणार नाही.

परवान्यात पुढील बाबी उल्लेखाव्यात. वापर कुठे कुठे: छापील पुस्तक, ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक, पुस्तकाची जाहिरात. किती काळ आणि कोणत्या देशांत. पुढच्या आवृत्त्या आणि अनुवाद यांत धरलेले आहेत का. चित्र कापणे, रंग बदलणे, त्यावर ‘दुसरी आवृत्ती’ असे लिहिणे यांची मुभा आहे का. पिशव्या, भित्तिपत्रके, दिनदर्शिका अशा वस्तूंवर चित्र छापून विकायचे असेल तर त्याचा वेगळा मोबदला ठरवणे योग्य, कारण तिथे चित्र पुस्तकाची ओळख म्हणून राहत नाही, तेच विक्रीचा माल होते.

हाताने रंगवलेले मूळ चित्र ही आणखी वेगळी वस्तू आहे. वापराचा हक्क घेतला म्हणून कागद किंवा कॅनव्हास लेखकाचा होत नाही; तो हवा असेल तर स्वतंत्र किंमत देऊन घ्यावा. त्याचप्रमाणे कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा आणि कामाची विटंबना होऊ न देण्याचा कलावंताचा नैतिक हक्क १९२८ पासून बर्न करारात मान्य झालेला आहे. म्हणून स्वामित्व विकत घेतले तरी चित्रकाराचे नाव गाळू नये.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रश्नही आता याच टप्प्यावर विचारावा लागतो. २०२३ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने, ज्या प्रतिमेत मानवी निर्मिती नाही तिला संरक्षण मिळणार नाही, अशी भूमिका घेतली. आणि त्याच वर्षापासून ॲमेझॉनच्या केडीपी या स्वप्रकाशनाच्या सेवेवर पुस्तक टाकताना मजकूर किंवा चित्र यंत्रनिर्मित आहे का ते लेखकाला सांगावे लागते. हे उत्तर लेखकाच्या नावाने जाते. त्यामुळे चित्र पूर्णतः किंवा अंशतः यंत्राकडून करून घेतलेले नाही, किंवा घेतले असल्यास कोणता भाग, हे चित्रकाराकडून लेखी घ्यावे. प्रश्न आदराने आणि आधीच विचारला, तर प्रामाणिक चित्रकाराला तो खटकत नाही.

पायरी ४ : करार लिहून घ्या

करारासाठी वकिलाची भाषा लागत नाही. दोघांना समजेल असे एक-दीड पानाचे पत्र आणि त्याला दोघांची लेखी संमती एवढ्यावर बहुतेक कामे निर्वेध पार पडतात. संपूर्ण हस्तांतर किंवा एकमेव परवाना असेल तर मात्र सही हवीच. मधला भाग साधारण असा असावा:

‘प्रस्तुत कादंबरीच्या मुखपृष्ठासाठी एक रंगीत चित्र, शीर्षकाचे अक्षरलेखन आणि मुखपृष्ठ, कणा व मलपृष्ठ यांची छपाईयोग्य मांडणी चित्रकार करून देतील. मानधन तीन समान हप्त्यांत दिले जाईल: काम सुरू करण्यापूर्वी, कच्चे रेखाटन मंजूर झाल्यावर आणि अंतिम फाइली देण्यापूर्वी. रेखाटनाच्या टप्प्यावर दुरुस्तीच्या दोन आणि रंगीत चित्राच्या टप्प्यावर एक फेरी मानधनात धरलेली आहे. त्यापुढील प्रत्येक फेरीचा दर सोबत नमूद केला आहे. हे चित्र या पुस्तकाच्या छापील, ई आणि श्राव्य आवृत्त्यांसाठी व त्यांच्या जाहिरातीसाठी, सर्व देशांत, स्वामित्वहक्काच्या पूर्ण मुदतीपर्यंत वापरण्याचा एकमेव परवाना लेखकास राहील. चित्राचे स्वामित्व आणि मूळ चित्र चित्रकाराकडे राहील. हा परवाना शेवटचा हप्ता पोहोचल्याच्या दिवसापासून लागू होईल.’

याशिवाय तीन कलमे जरूर घालावीत. काम मधेच थांबले तर काय, हे पहिले. लेखकाने थांबवले तर तोपर्यंतच्या टप्प्याचे पैसे चित्रकाराकडे राहतील आणि चित्रकाराला पूर्ण करता आले नाही तर न झालेल्या कामाची रक्कम परत मिळेल, अशी साधी तरतूद पुरते. दुसरे तारखांचे, आणि त्यात लेखकाच्या तारखाही असाव्यात: रेखाटन आल्यावर किती दिवसांत उत्तर द्यायचे ते ठरलेले नसेल, तर उशीर कोणामुळे झाला हे पुढे सांगता येत नाही. तिसरे म्हणजे चित्रकाराने हे काम आपल्या संग्रहात कधीपासून दाखवावे. बहुतेक लेखकांना मुखपृष्ठ स्वतः आधी जाहीर करायचे असते.

छायाचित्रे विकत घेतली जाणार असतील तर त्यांचा परवाना कोणाच्या नावावर आहे ते पाहावे आणि पावतीची प्रत मागून घ्यावी. छायाचित्रे विकणाऱ्या मोठ्या संकेतस्थळांच्या साध्या परवान्यात अनेकदा ५,००,००० छापील प्रतींची मर्यादा असते, जी स्वप्रकाशित पुस्तकाला पुरून उरते. विक्रीच्या वस्तूंसाठी मात्र विस्तारित परवाना लागतो. फॉन्टचेही तसेच. ‘मुक्ता’सारखे ओपन फॉन्ट लायसन्स या मुक्त परवान्याखाली दिलेले देवनागरी फॉन्ट व्यावसायिक मुखपृष्ठावर निर्धास्त वापरता येतात, इतरांचा परवाना तपासावा.

पायरी ५ : हप्ते

सगळी रक्कम आधी देणे लेखकासाठी धोक्याचे आणि सगळी शेवटी देणे चित्रकारासाठी धोक्याचे, म्हणून रक्कम कामाच्या टप्प्यांना बांधावी. लहान कामासाठी निम्मी आगाऊ आणि निम्मी शेवटी ही विभागणी चालते. नव्याने काढायच्या चित्रासाठी तीन हप्ते बरे, आणि त्यांपैकी मधला हप्ता सर्वांत महत्त्वाचा आहे. तो देण्यापूर्वी लेखकाने रेखाटनाकडे नीट पाहिलेले असते आणि आपली मंजुरी लेखी दिलेली असते. यानंतर रचना बदलायची झाली तर ते नवे काम ठरते, हे दोघांनाही ठाऊक असते.

आगाऊ रक्कम मिळेपर्यंत चित्रकाराने पेन्सिल उचलू नये आणि शेवटचा हप्ता मिळेपर्यंत पूर्ण आकाराची फाइल देऊ नये, ही या व्यवसायातली रूढ पद्धत आहे. तोपर्यंत लहान आकाराची किंवा वर आडवी खूण टाकलेली प्रत तपासायला येते. नवख्या लेखकाला यात अविश्वास दिसतो. पण अंतिम फाइल एकदा हाती गेली की चित्रकाराकडे काहीच उरत नाही, म्हणून ही काळजी आवश्यक आहे. लेखकाने त्याच लहान प्रतीवर सगळी तपासणी उरकावी आणि मग पैसे द्यावेत.

पायरी ६ : पैसे पाठवणे

थेट बँकेतून पाठवणे सर्वांत सरळ. चित्रकार परदेशी असेल तर चलन कोणते, विनिमयाचा आणि पाठवणीचा खर्च कोणाकडे, हे आधी ठरवावे. नाहीतर ठरलेल्या रकमेपेक्षा कमी पैसे पोहोचतात आणि नाहक कटुता येते. पेपालवरून देताना कामाचे पैसे ‘मित्र व कुटुंबीय’ या पर्यायाने पाठवू नयेत, कारण त्यात खरेदीदाराला संरक्षण मिळत नाही. फायव्हरसारख्या, कलावंत आणि काम देणारा यांची गाठ घालणाऱ्या सेवेतून काम दिले तर पैसे काम होईपर्यंत मध्यस्थाकडे राहतात, ही सोय आहे. पण चित्रकाराच्या रकमेतून फायव्हर २० टक्के कापून घेते, हे दराचा विचार करताना लक्षात असू द्यावे. अशा सेवेवर ओळख झालेल्या चित्रकाराला परस्पर पैसे देऊ नयेत. त्याने सेवेचा नियम मोडतो आणि दोघांचेही संरक्षण जाते.

प्रत्येक हप्त्याचे बिल मागावे आणि त्यावर कामाचे वर्णन, टप्पा व तारीख असावी. तुमच्या देशाच्या कायद्यानुसार मानधनातून कर कापावा लागत असेल तर तो आधी सांगावा आणि कापल्याचे प्रमाणपत्र द्यावे. बिल आल्यावर सात दिवसांच्या आत पैसे द्यावेत. एकट्याने काम करणाऱ्या कलावंताचा महिना अशाच हप्त्यांवर चालतो. वेळेवर पैसे देणाऱ्या लेखकाचे पुढचे पुस्तक तो आनंदाने हाती घेतो.

पायरी ७ : रेखाटन आणि दुरुस्त्या

नापसंती सांगायची योग्य वेळ रेखाटनाची. तेव्हा एक मूर्ती डावीकडून उजवीकडे नेणे काही मिनिटांचे काम असते, रंगकामानंतर तेच दोन दिवसांचे होते. अभिप्राय एकत्र करून एकदाच, क्रमांक घालून पाठवावा. ‘काहीतरी कमी वाटते’ याने चित्रकाराला काहीच हाती लागत नाही. ‘कथा पावसाळ्यातली आहे, आकाश उन्हाळ्याचे वाटते’ याने लागते. अडचण सांगावी आणि उपाय शक्यतो चित्रकारावर सोपवावा, कारण तुम्ही पैसे देत आहात ते त्या नजरेचेच. घरातल्या आणि मित्रमंडळींतल्या दहा जणांची मते जशीच्या तशी पुढे पाठवू नयेत. ती एकमेकांना छेद देतात आणि दुरुस्तीच्या फेऱ्या वाया जातात.

रेखाटन अंगठ्याच्या नखाएवढे करून पाहणे ही सर्वांत उपयुक्त चाचणी आहे. ऑनलाइन दुकानात वाचकाला मुखपृष्ठ पहिल्यांदा त्याच आकारात दिसते. शीर्षक त्या आकारात वाचता येत नसेल, विशेषतः जोडाक्षरे आणि मात्रा एकमेकांत मिसळत असतील, तर ते त्याच वेळी सांगावे.

पायरी ८ : अंतिम फाइली तपासणे

छापील पुस्तकाच्या कण्याची रुंदी पानांच्या संख्येवर आणि कागदावर ठरते, आणि म्हणून पाने पक्की झाल्याशिवाय अंतिम मांडणी मागू नये. केडीपीचे उदाहरण घेऊ. तिथे काळ्या शाईच्या छपाईत पांढऱ्या कागदाच्या प्रत्येक पानामागे ०.००२२५२ इंच आणि क्रीम कागदाच्या पानामागे ०.००२५ इंच धरतात. पुस्तक २४० पानांचे असेल तर पांढऱ्या कागदावर कणा सुमारे ०.५४ इंच, म्हणजे १३.७ मिलिमीटर होतो. तेच पुस्तक क्रीम कागदावर छापले तर कणा ०.६ इंच, म्हणजे १५.२ मिलिमीटर. पुस्तकाचा आकार ५.५ × ८.५ इंच असेल, तर पांढऱ्या कागदासाठी मलपृष्ठ, कणा आणि मुखपृष्ठ मिळून, चारी बाजूंना कापण्यासाठी सोडायची ०.१२५ इंचाची जादा जागा धरून, फाइल ११.७९ × ८.७५ इंचांची लागते. इंचाला ३०० ठिपक्यांच्या हिशेबाने हे सुमारे ३५३७ × २६२५ पिक्सेल होतात. लेखकाने पैसे दिल्यावर कागद बदलला तर कणा दीड मिलिमीटरने वाढतो आणि कण्यावरचे शीर्षक मध्यावरून सरकते; हा बदल लेखकाकडून आलेला असल्याने त्याचे पैसे मागितले गेले तर द्यावेत. कण्यावर मजकूर घालायचा असेल तर केडीपीला ७९ पेक्षा जास्त पाने लागतात, आणि मलपृष्ठावर बारकोडसाठी २ × १.२ इंच जागा मोकळी ठेवावी लागते. दुसऱ्या मुद्रकाकडे हे आकडे वेगळे असतात, म्हणून मुद्रकाचा साचा चित्रकाराला आधीच पाठवावा.

ई-पुस्तकासाठी केडीपी २५६० पिक्सेल उंच आणि १६०० पिक्सेल रुंद आकार सुचवते. श्राव्य पुस्तकाचे मुखपृष्ठ चौरस असते. एसीएक्स या ॲमेझॉनच्या श्राव्य पुस्तकांच्या सेवेला ते निदान २४०० × २४०० पिक्सेल लागते. उभे चित्र कापून चौरस करता येतेच असे नाही, त्यामुळे श्राव्य आवृत्ती काढण्याचा विचार असेल तर तेही सुरुवातीच्या टिपणात लिहावे.

पडद्यावरचे रंग आणि कागदावरचे रंग एकसारखे उमटत नाहीत. पडद्यासाठी आरजीबी आणि छपाईसाठी सीएमवायके अशी वेगवेगळी रंगपद्धती वापरतात, आणि झळाळते निळे-हिरवे रंग कागदावर हमखास मंदावतात. हा चित्रकाराचा दोष नव्हे. एक नमुना प्रत छापून पाहावी आणि मगच पूर्ण छपाईला हिरवा कंदील द्यावा.

देवनागरी मजकुराची तपासणी अक्षरन् अक्षर करावी. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर हा पर्याय निवडलेला नसेल, तर ऱ्हस्व वेलांटी भलत्याच जागी जाते आणि जोडाक्षरे हलन्तासह सुटी पडतात. चित्रकाराला मराठी येत नसेल तर त्याला ते दिसतही नाही. छपाईच्या पीडीएफमध्ये अक्षरे आकृतीत रूपांतरित केलेली किंवा फॉन्ट अंतर्भूत केलेले असावेत. शीर्षक, लेखकाचे नाव, पाठराखण आणि आयएसबीएन या पुस्तकाच्या ओळखक्रमांकाचे १३ अंक हस्तलिखिताशी ताडून पाहावेत.

छपाईची पीडीएफ, ई-पुस्तकाची जेपीईजी आणि जाहिरातीसाठी लहान प्रतिमा एवढे सर्वसाधारण मानधनात मिळते. थर सुटे असलेली मूळ फाइल यात धरलेली नसते. ती देणे म्हणजे आपली कामाची पद्धतच हाती देणे असे अनेक चित्रकार मानतात आणि तिची वेगळी किंमत सांगतात. पुढे स्वतः बदल करायचे असतील तर ती सुरुवातीलाच मागावी.

पायरी ९ : शेवटचा हप्ता आणि त्यानंतर

तपासणी संपली की शेवटचा हप्ता त्याच दिवशी द्यावा आणि फाइली मिळाल्यावर दोन ठिकाणी जपून ठेवाव्यात. करार, मंजुरीचे ईमेल, बिले, छायाचित्रांच्या व फॉन्टच्या पावत्या हे सगळे फाइलींसोबतच एकत्र ठेवावे, कारण ऑनलाइन विक्रेता मुखपृष्ठाच्या हक्काचा पुरावा मागू शकतो आणि तेव्हा जुने निरोप शोधत बसणे परवडत नाही. पुस्तकाच्या श्रेयपानावर ‘मुखपृष्ठ’ आणि वेगळ्या व्यक्तीने केले असल्यास ‘अक्षरलेखन’ अशी नावे, कलावंताने सांगितलेल्या शुद्धलेखनाप्रमाणे, छापावीत. ऑनलाइन दुकानात पुस्तकाची माहिती भरताना चित्रकाराचे नाव घालण्याची सोय असेल तर तिथेही ते घालावे. छापील प्रती आल्यावर निदान दोन प्रती चित्रकाराला पाठवाव्यात.

पुढची आवृत्ती काढताना पाने वाढली, तर कणा बदलण्यासाठी पहिल्यांदा त्याच चित्रकाराला विचारावे आणि त्या लहान कामाचाही दर आधी ठरवून घ्यावा. अनुवादाचे हक्क तुम्ही दुसऱ्या प्रकाशकाला दिले आणि त्याला हेच मुखपृष्ठ हवे असेल, तर मूळ परवाना काढून त्यात अनुवाद धरलेला आहे का ते पाहावे. धरलेला नसेल तर त्या प्रकाशकाची चित्रकाराशी थेट गाठ घालून द्यावी, म्हणजे नव्या वापराचे मानधन परस्पर त्यांच्यात ठरेल.